किरायाच्या खोलीतलं सामान आणि त्याचा विमा : घ्यायचा की नाही, कसा निवडायचा, पैसे कुठे वाचवायचे



पीएचडीला प्रवेश घ्यायचा म्हटलं की आपण नेट-सेटचा अभ्यास करतो, गाइड शोधतो, रिसर्च प्रपोजल लिहितो. पुढची पाच वर्षं ज्या खोलीत राहायचं, तिच्याबद्दल मात्र दोनच प्रश्न विचारतो. किराया किती, आणि पाणी किती वेळ येतं? नागपूरपुरता तिसरा प्रश्नही विचारायला हवा. पाणी कधी न बोलावता आत येतं का?

हा प्रश्न गमतीचा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी काठावरच्या वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, म्हणजे धरमपेठेच्या अगदी आजूबाजूचा भाग. लोक झोपेत होते. माणसं दगावली, लष्कराची मदत घ्यावी लागली, मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना आणि एलएडी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींना सुरक्षित जागी हलवावं लागलं. सुमारे दहा हजार घरांचं नुकसान झाल्याचा अंदाज सरकारने तेव्हा दिला आणि पाणी शिरलेल्या घरांना दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

दहा हजार रुपयांत काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. एक साधा कूलर आणि एक गादी. लॅपटॉप येत नाही.

धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर, शंकरनगर हा सगळा विद्यार्थ्यांचा पट्टा आहे. विद्यापीठाचा अमरावती रोडवरचा परिसर, एलआयटी, व्हीएनआयटी, धरमपेठ सायन्स कॉलेज सगळं जवळ. नवा संशोधक खोली शोधताना साहजिकच तळमजल्यावरची, मागच्या अंगणातली, जरा स्वस्त खोली बघतो. धोकाही तिथेच जास्त. म्हणून आज घरातल्या सामानाच्या विम्याबद्दल लिहिते आहे. विषय रुक्ष वाटेल, पण यात संभाव्यता आहे, व्याख्या आहेत, अपवाद आहेत आणि शेवटी तुमच्या प्रबंधाचाही प्रश्न आहे.

आधी यादी, मग विमा

कुठल्याही अभ्यासात पहिलं पाऊल मोजमापाचं. आपल्या खोलीत नेमकं किती रुपयांचं सामान आहे, हे बहुतेकांना सांगता येत नाही. "काय असणार, दहा-वीस हजारांचं" असं म्हणतो आपण. एकदा कागदावर मांडून बघा. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या रिसर्च स्कॉलरची यादी साधारण अशी होते. किमती आज तीच वस्तू नवीन घ्यायची झाली तर लागतील त्या, गोल आकड्यांत :

लॅपटॉप ५८,०००
कूलर ९,०००
पलंग आणि गादी ८,०००
टेबल-खुर्ची ६,०००
कपडे, चपला-बूट, पांघरुणं २०,०००
इंडक्शन शेगडी, कुकर, भांडी ७,०००
पुस्तकं १५,०००
हार्ड डिस्क, चार्जर, दिवा वगैरे ७,०००

बेरीज १,३०,००० रुपये. जेआरएफची मासिक रक्कम १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे. म्हणजे घरभाडं, मेस, प्रवास काहीही न करता साडेतीन महिन्यांची पूर्ण फेलोशिप. आणि फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला जमा होते असं समजणारा माणूस अजून संशोधनात आलेला नाही, एवढंच म्हणते.

यादी करताना प्रत्येक वस्तूचा एक फोटो काढा, बिल असेल तर त्याचाही. लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून ठेवा. सगळं एका फाइलमध्ये घालून स्वतःलाच मेल करा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढे विमा घेतला नाहीत तरी ही यादी वाया जात नाही.

विमा सरासरीने तोट्याचा असतो, तरीही

आता गणित. समजा, १,३०,००० रुपयांच्या सामानासाठी वर्षाचा प्रीमियम ६५० रुपये सांगितला. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय, खरा दर कंपनी आणि जागा यांवर ठरतो. १,३०,००० भागिले ६५० म्हणजे २००. अर्थ असा की सगळं सामान जाण्याची घटना तुमच्या खोलीत सरासरी दोनशे वर्षांतून एकदा घडणार असेल, तर तुम्ही दिलेला पैसा आणि मिळण्याची अपेक्षा बरोबरीत आहेत. त्याहून विरळ असेल तर सरासरीने तुमचा तोटा, त्याहून वारंवार असेल तर सरासरीने फायदा.

कंपनीला स्वतःचा खर्च, एजंटचं कमिशन आणि नफा यातूनच काढायचा असतो, वर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे सगळ्या ग्राहकांचं मिळून बघितलं तर विमा हा सरासरीने थोडा तोट्याचाच व्यवहार आहे. मग का घ्यायचा? कारण तुम्ही सरासरीत जगत नाही. तुमच्याकडे एकच खोली आहे, एकच लॅपटॉप आहे आणि प्रबंध सादर करायची एकच मुदत आहे. दरवर्षी ६५० रुपये गेले तर काही बिघडत नाही, एका पहाटे सव्वा लाख गेले तर बिघडतं.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो : जे नुकसान एक-दोन महिन्यांच्या फेलोशिपमधून भरून काढता येईल त्याचा विमा घेऊ नका. जे भरून काढता येणार नाही त्याचाच घ्या. मोबाइलची काच फुटण्याचा विमा, मिक्सरची वाढीव वॉरंटी, ऑनलाइन खरेदीत आपोआप टिक होणारं "फक्त ९९ रुपयांत संरक्षण" हे सगळं पहिल्या गटातलं. तिथले पैसे वाचवा आणि मोठ्या धोक्यासाठी ठेवा.

दुसरी गोष्ट. आपण अडचणीसाठी मित्रांवर विसंबतो, आणि एरवी ते बरोबरच असतं. माझा लॅपटॉप बिघडला तर शेजारच्या खोलीतली मैत्रीण तिचा देते. पण पूर एका खोलीत येत नाही, अख्ख्या गल्लीत येतो. माझा लॅपटॉप भिजतो त्याच वेळी तिचाही भिजतो, घरमालकांचा फ्रिजही जातो आणि कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याचं दुकानही पाण्यात असतं. संख्याशास्त्राच्या भाषेत या घटना एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. ज्या धोक्यात आजूबाजूचे सगळे एकदम सापडतात, तिथे आपसातली मदत अपुरी पडते. अशा धोक्यासाठी गावाबाहेरचा, मोठा, सामायिक पैसा लागतो. विमा म्हणजे तोच.

पॉलिसी पेपरसारखी वाचा

शोधनिबंध वाचताना आपण नुसता सारांश वाचून थांबत नाही. पद्धत काय, मर्यादा काय, हे बघतो. पॉलिसीचंही तसंच आहे. माहितीपत्रक म्हणजे सारांश. खरा मजकूर "व्याख्या" आणि "अपवाद" या दोन भागांत असतो.

यात आपल्या बाजूची एक चांगली गोष्ट आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली. आगीचा विमा देणाऱ्या साधारण विमा कंपन्यांनी ती द्यायचीच, असा नियम तेव्हा झाला. तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या. म्हणजे तुलना करताना एक चल स्थिर झालं. मूळ संरक्षण तेच असेल, तर तुम्हाला फक्त किंमत, जोडसंरक्षणं आणि दावा निकाली काढण्याची रीत एवढंच बघायचं आहे. "आमची पॉलिसी एकदम वेगळी आहे" असं कुणी म्हणालं की विचारा, भारत गृह रक्षापेक्षा वेगळं काय ते लेखी दाखवा.

ही पॉलिसी फक्त इमारतीसाठी, फक्त सामानासाठी किंवा दोन्हींसाठी घेता येते. किरायाने राहणाऱ्याला इमारतीशी देणंघेणं नाही. त्याला फक्त सामानाचा विमा पुरतो. घरमालकांनी इमारतीचा विमा काढला असेल तर तो त्यांच्या भिंतींसाठी, तुमच्या लॅपटॉपसाठी नाही.

यात काय येतं? आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, भूस्खलन, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेलं नुकसान, दहशतवादी कृत्य. नागपूरच्या संदर्भात पूर आणि पाणी साचणं हे मूळ पॉलिसीतच आहे, वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणखी एक सोय आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत "सरासरीचा नियम" असायचा. समजा, सामान १,३०,००० चं आहे आणि तुम्ही ६५,००० चाच विमा घेतला. नुकसान ४०,००० चं झालं. या नियमाने कंपनी म्हणते, तुम्ही अर्ध्याचाच विमा घेतला होता, म्हणून नुकसानीच्या अर्धे, २०,००० घ्या. भारत गृह रक्षामध्ये ही कपात माफ आहे. विमा रकमेच्या मर्यादेत ४०,००० मिळू शकतात. मात्र दुसऱ्या एखाद्या पॉलिसीचा विचार करत असाल तर हा नियम आहे का, ते आधी विचारा.

काय येत नाही

आता अपवाद. मला विचाराल तर अख्ख्या लेखातला हाच भाग दोनदा वाचा.

*घराबाहेर नेलेलं सामान.* पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरून दुसरीकडे नेलेल्या वस्तूचं नुकसान यात येत नाही. लॅपटॉप लॅबमध्ये असताना, रेल्वेत असताना, फील्डवर्कला गडचिरोलीला नेला असताना काही झालं, तर ही पॉलिसी कामाची नाही. त्याच कारणाने, बाबांनी अमरावतीच्या किंवा वर्ध्याच्या घराचा विमा काढला आहे म्हणून तुमची धरमपेठेतली खोली त्यात येत नाही. सोबत फिरणाऱ्या उपकरणांसाठी वेगळं जोडसंरक्षण किंवा वेगळी पॉलिसी लागते. ती महाग वाटली तर वरचा पहिला नियम लावून बघा.

*साधी चोरी.* मूळ पॉलिसीत चोरी फक्त एका परिस्थितीत येते. पूर, आग यांसारखी विम्यात बसणारी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल तर बंद घराबद्दलची अट काय, हेही घेण्याआधी विचारा.

*विजेच्या उपकरणाचा स्वतःचा बिघाड.* व्होल्टेज वरखाली होऊन कूलरची मोटर जळली, शॉर्टसर्किटने चार्जर गेला, तर ते उपकरण भरून मिळत नाही. पण त्या शॉर्टसर्किटमधून आग लागली आणि गादी, पुस्तकं जळली, तर ते नुकसान विम्यात येतं. एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर खर्च करायला हा अपवाद पुरेसं कारण आहे.

*हळूहळू होणारं नुकसान.* वाळवी, उंदीर, ओल, वर्षानुवर्षं गळणारं छत. विमा अचानक घडलेल्या, नाव घेऊन सांगता येणाऱ्या घटनेसाठी असतो. वस्तू "सापडत नाही" एवढ्यावरही दावा होत नाही. कीबोर्डवर सांडलेला चहाही या यादीत बसत नाही.

*वाहन आणि रोख रक्कम.* अंगणातली दुचाकी सामानात धरली जात नाही. तिच्यासाठी वाहनाचा विमा, आणि त्यातही नुसता थर्ड पार्टी असेल तर पुरात भिजलेली गाडी तुम्हालाच दुरुस्त करावी लागते.

*हस्तलिखितं, आराखडे, कागदपत्रं.* इथे थांबा. पॉलिसीत वेगळं नमूद केलं नसेल तर हस्तलिखितं, नकाशे-आराखडे आणि कुठल्याही प्रकारचे दस्तऐवज या विम्यात येत नाहीत. तुमची फील्डमधली वही, हाताने भरलेल्या प्रश्नावल्या, मार्गदर्शकांच्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट असलेलं तिसरं प्रकरण, यातलं काहीही. हार्ड डिस्कची किंमत मिळेल, हार्ड डिस्कमधल्या तीन वर्षांच्या नोंदींची नाही.

म्हणजे खोलीतली सर्वात मौल्यवान वस्तू विम्याच्या कक्षेबाहेरच आहे. यावर पुढे येतेच.

पैसे कुठे वाचतात

१. गरज नसलेले भाग काढून टाका. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांसाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं संरक्षण असतं. विद्यार्थ्याच्या खोलीत त्याची गरज क्वचितच पडते. इमारतीचं संरक्षण तर किरायेदाराला नकोच. फॉर्मवर ही खाणी रिकामी आहेत ना, ते बघा.

२. मजला आणि पत्ता अचूक सांगा. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पुराचा तुमचा धोका वेगळा. मुख्य भीती लॅपटॉप चोरीला जाण्याचीच असेल तर नुसत्या सामानाच्या मूळ पॉलिसीने ती भीती जात नाही. कशापासून संरक्षण हवंय, ते आधी ठरवा, मग पैसे द्या.

३. दीर्घ मुदत घाईने घेऊ नका. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची मिळते आणि लांब मुदतीला सवलत दाखवली जाते. पण पीएचडी एकाच खोलीत राहून पूर्ण करणारे किती दिसतात? विमा पत्त्याशी बांधलेला असतो. किरायाने राहणाऱ्याला एका वर्षाची मुदत बरी. खोली बदलली की कंपनीला लगेच लेखी कळवा.

४. दुहेरी विमा टाळा. एकाच वस्तूचे दोन विमे असले तरी नुकसानीपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. विमा भरपाईसाठी असतो, कमाईसाठी नाही. क्रेडिट कार्डासोबत किंवा लॅपटॉपच्या खरेदीसोबत काही संरक्षण आधीच आहे का, ते तपासा. प्रकल्पाच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप संस्थेचा असतो. त्याची जबाबदारी कुणाची, हे विभागाला लेखी विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तरी विचारा.

५. रूममेटचं गृहीत धरू नका. पॉलिसी एकीच्या नावावर असेल तर दुसरीचं सामान त्यात आपोआप येत नाही. दोघींनी अर्धे-अर्धे पैसे घालून एकीच्या नावावर पॉलिसी घेणं ही बचत कागदावरच राहते. दोघींची नावं घालता येतात का, ते कंपनीकडून लेखी घ्या, नाहीतर आपापली वेगळी घ्या.

६. एक्सेस समजून घ्या. काही पॉलिसींमध्ये किंवा जोडसंरक्षणांमध्ये प्रत्येक दाव्यातली ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची असते. ती जास्त मान्य केली तर प्रीमियम कमी होऊ शकतो. लहान नुकसान तसंही आपण स्वतःच सोसणार आहोत, तेव्हा विद्यार्थ्यासाठी हा सौदा बहुधा योग्य असतो.

७. खोटं सांगून वाचवू नका. तळमजला लपवणं, जुनी पुराची घटना दडवणं, घरातून चालणारी शिकवणी न सांगणं यातून शे-दोनशे रुपये वाचतील. पण दाव्याच्या वेळी हेच कारण पुढे करून पैसे नाकारले जाऊ शकतात. आकडे सोयीने बदलल्यावर संशोधनाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, इथेही तेच.

८. भरपाईचा आधार विचारा. तीन वर्षं जुना लॅपटॉप गेला तर तशीच नवीन वस्तू घेण्याचा खर्च मिळणार की घसारा वजा करून उरलेली किंमत? ५८,००० च्या वस्तूवर हा फरक हजारोंचा असतो. प्रीमियम स्वस्त दिसणारी पॉलिसी इथे महाग पडते.

ज्यांच्या आई-बाबांचं नागपुरात स्वतःचं घर आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगते. इमारतीचा आणि सामानाचा विमा एकत्र घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामान यादी न देताच धरलं जातं. आणि इमारतीची विमा रक्कम म्हणजे फ्लॅटचा बाजारभाव नव्हे. ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. समजा, धरमपेठेतला ९०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर विमा रक्कम १८ लाख होते आणि सामानाचे ३,६०,००० त्यात येतात. फ्लॅट विकायला काढला तर त्याच्या कितीतरी पट किंमत येईल, पण त्यातला मोठा वाटा जमिनीचा आहे, आणि जमीन जळतही नाही, वाहूनही जात नाही. बाजारभावाचा विमा काढून उगाच जास्त प्रीमियम भरू नये, एवढं घरी नक्की सांगा.

दावा करायची वेळ आली तर

पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा असते साफसफाईची. पण आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत येऊ द्या, सोबत मोजपट्टी धरलीत तर आणखी चांगलं. भिजलेली उपकरणं चालू करून बघू नका, त्यात धोका आहे आणि नुकसानही वाढतं. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. सर्वेअर येऊन जाईपर्यंत खराब वस्तू फेकू नका. वास येत असेल आणि ठेवणं अशक्य असेल, तर फोटो काढून, मेलवर कळवून मगच टाका. सरकारी पंचनामा होत असेल तर त्यात किरायेदार म्हणून तुमच्या सामानाची नोंद करायला सांगा आणि प्रत मागा. किरायाचा लेखी करारनामा इथे कामी येतो. तोंडी बोलीवर राहत असाल तर त्या पत्त्यावर राहतो हे दाखवणारा एखादा कागद आधीच तयार ठेवा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते विचारा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. नागपूरसाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. आयआरडीएआयच्या "बीमा भरोसा" पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

ज्याचा विमा निघत नाही त्याचं काय

आता त्या वह्यांकडे येते. तुम्ही अजून संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून हे आत्ताच सांगणं बरं. लॅपटॉप पैशाने परत येतो. दोन पावसाळ्यांत गोळा केलेले पाण्याचे नमुने, गावागावांत फिरून घेतलेल्या मुलाखती, रात्री जागून घेतलेली रीडिंग्ज पैशाने परत येत नाहीत. त्यासाठी कंपनी नाही, आपणच आपली कंपनी.

नियम जुना आणि सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. "दुसऱ्या ठिकाणी" याचा अर्थ त्याच टेबलाच्या खालच्या खणात नव्हे. लॅपटॉप टेबलावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क खणात असेल, तर पाणी आधी बॅकअपलाच गाठतं. एक प्रत क्लाउडवर किंवा संस्थेच्या सर्व्हरवर, एक हार्ड डिस्क लॅबमध्ये किंवा गावच्या घरी. हाताने लिहिलेली वही दर शनिवारी मोबाइलने स्कॅन करा, दहा मिनिटं लागतात. मुलाखतींमध्ये लोकांची खाजगी माहिती असेल तर ती पासवर्ड लावून, सांकेतिक रूपातच चढवा. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं हरवायचं नाही, तसंच उघड्यावरही पडू द्यायचं नाही.

आणि खोली घेताना एक छोटा सर्व्हे करा. घरमालकांना नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला, समोरच्या काकूंना, इस्त्रीवाल्या काकांना विचारा, "तेव्हाच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तीन जणांनी हात गुडघ्याला लावून दाखवला, तर तळमजल्यावरच्या त्या खोलीचा किराया पाचशे रुपयांनी कमी आहे, याचा अर्थ नीट समजून घ्या. वर्षाला सहा हजार वाचतात, पण त्या बदल्यात तुम्ही स्वतःच विमा कंपनी झालेले असता, तीही राखीव निधी नसलेली. खोली घ्यायचीच असेल तर लॅपटॉप, वह्या आणि प्रमाणपत्रं रात्री उंच फळीवर ठेवायची सवय लावा. त्याला प्रीमियम लागत नाही.

येत्या रविवारी एक तास काढा. पहिल्या अर्ध्या तासात यादी आणि फोटो. पुढच्या पंधरा मिनिटांत दोन-तीन कंपन्यांच्या संकेतस्थळांवर भारत गृह रक्षाचा, फक्त सामानासाठीचा, एका वर्षाचा भाव बघा. उरलेल्या पंधरा मिनिटांत बॅकअप लावा. विमा घ्यायचा की नाही ते तुमच्या मजल्यावर, तुमच्या बेरजेवर आणि घरून मिळू शकणाऱ्या आधारावर ठरवा. नाही घ्यायचं ठरलं तरी हरकत नाही, पण ते हिशोब करून ठरलेलं असू द्या. बॅकअपच्या बाबतीत मात्र असा पर्याय नाही. तो तेवढा आजच घ्या.